तापाचं औषध देताना एमएल नंतर, आधी एमजी बघा

पुण्यात पाऊस लागला की घरोघरी ताप सुरू होतो. गेल्या जुलैत आमच्याकडे वारज्यात तेच, मुलगी पावणेतीन वर्षांची, वजन १२ किलो, रात्री ताप १०२ आणि नेमकी पॅरासिटामॉल सिरपची, म्हणजे तापाच्या औषधाची, बाटली संपलेली. हे पावसात जाऊन नवीन घेऊन आले, नाव तेच, रंग तोच, आई म्हणाली मागच्या वेळी साडेसात एमएल दिलं होतं तेवढंच दे, मी झाकणात ओतलंसुद्धा आणि मग लेबल बघितलं. जुन्या बाटलीत ५ एमएल सिरपमध्ये १२० एमजी (म्हणजे प्रत्यक्ष औषध) होतं, हिच्यात २५०! दुपटीहून जास्त गेलं असतं तिच्या पोटात.

तर पॅरासिटामॉलचा हिशोब वजनावर असतो, वयावर नाही. एका वेळी दर किलोला १० ते १५ एमजी. म्हणजे १२ किलोला १२० ते १८० एमजी. १२० वाल्या सिरपचं हे होतं ५ ते ७.५ एमएल, २५० वाल्याचं फक्त २.४ ते ३.६. आणि ड्रॉप्स तान्ह्या बाळांचे म्हणून हलके असतील असं वाटतं ना, तर उलटं आहे, त्यात बऱ्याचदा १ एमएलमध्येच १०० एमजी असतं, त्यामुळे ड्रॉप्स चमचाभर कधीच देऊ नका. तुमच्या डॉक्टरांकडून एमजीचा आकडा लिहूनच घ्या. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर घरी औषध देत बसू नका, सरळ डॉक्टरकडे.

मोजायला घरातला चमचा नको. मी आमचा पोह्याचा चमचा पाण्याने भरून सिरिंजने मोजला तर ८ एमएल निघाला! मेडिकलमध्ये बिनसुईची सिरिंज मागा, स्वस्तात मिळते, आणि गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा म्हणजे ठसका लागत नाही.

दोन डोसमध्ये कमीत कमी चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाही. आजीने दिलं, आईनेही दिलं असं फार होतं, म्हणून फ्रिजवर कागद लावून वेळ लिहायची, ज्याने दिलं त्यानेच.

सर्दीच्या सिरपमध्येही कधीकधी पॅरासिटामॉल असतं, दोन्ही दिलं की डोस डबल, लेबल वाचाच. त्यात क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन ही सर्दीची दोन औषधं एकत्र असतील तर चार वर्षांखालच्या मुलांना देऊच नका, डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने तशी सूचना लेबलवर छापायलाच लावली आहे. आणि पावसाळ्यात डेंग्यू असतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चुकून जास्त गेलंच तर मूल खेळतंय, हसतंय म्हणून थांबू नका प्लीज, पॅरासिटामॉलचा लिव्हरवरचा परिणाम पहिल्या दिवशी दिसतच नाही. उलटी काढू नका, बाटली सोबत घ्या, किती आणि कधी दिलं ते लिहून घ्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८.

आता आमच्या २५० वाल्या बाटलीवर मार्करने मोठ्ठं लिहिलंय, १४ किलो, ४ एमएल. दर दोन महिन्यांनी तिचं वजन करते आणि डॉक्टरांना विचारून आकडा बदलते.