गीझरच्या आट्यांच्या जोडातील गळती कशी थांबवावी

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की गीझर रोज तापतो आणि निवतो, आणि या आकुंचन-प्रसरणाने आट्यांचा जोड सैल पडून पाणी झिरपू लागते. गळती जोडातूनच आहे याची आधी खात्री करावी. पाणी तापताना सुरक्षा झडपेतून पडणारे थोडे थेंब हा बिघाड नसतो, आणि ती झडप कधीही बुजवू नये.

गीझरचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा स्विच) बंद करावा, पाणी निवू द्यावे, थंड पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी. जोड सोडताना एका पान्याने टाकीचा निपल (टाकीतून बाहेर आलेला आट्यांचा छोटा नळीचा तुकडा) घट्ट धरावा व दुसऱ्याने नट फिरवावा, कारण निपलच पिळला गेला तर टाकीचा वेल्ड तडकू शकतो. आट्यांवरचा पांढरा क्षार ब्रशने काढून, आट्यांचे तोंड आपल्याकडे ठेवून, टेफ्लॉन टेपचे सहा-सात वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून द्यावेत. लवचीक नळीच्या नटाला मात्र टेप लावू नये. तिथे पाणी रबरी वॉशर अडवतो, म्हणून तोच बदलावा.

जोड पुन्हा आवळून थंड पाण्याचा कॉक उघडावा, गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरावी, जोड पुसून पुन्हा तपासावा आणि मगच वीज सुरू करावी.