एमजीबीत दुसऱ्या सालचं इंजिन: कप्पी लावण्याआधीची तयारी

१९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही स्पोर्ट्स कार बाहेर पडत राहिली. बोनेट उघडलं तर पहिली आणि शेवटची गाडी लांबून सारखीच वाटते: तेच १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, उजवीकडे डिस्ट्रिब्युटर आणि ऑइल फिल्टर, डावीकडे कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड. या सारखेपणावर विसंबून लोक मिळेल त्या सालचं इंजिन घेऊन येतात, आणि ते कप्पीला लटकलेलं असताना कळतं की माउंटिंगचं भोक भोकासमोर येतच नाही. ब्लॉक क्वचितच अडतो. अडतात त्या त्याच्या दोन टोकांच्या प्लेटा. म्हणून तयारीची सुरुवात तिथून करायची.

आधी इंजिन कुठलं ते ओळखा, आणि त्यासाठी गाडीच्या कागदांवरचं साल विसरा; एवढ्या वर्षांत इंजिन बदललेलंच असतं असं धरून चालावं. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, डायनॅमोच्या वर, नंबराची पट्टी असते. नंबराची सुरुवात १८जी किंवा १८जीए असेल तर तीन बेअरिंगचा क्रँक. ऑक्टोबर १९६४ पासूनचं १८जीबी पाच बेअरिंगचं. १८जीडी १९६७ अखेरीच्या मार्क टू गाडीबरोबर आलं (त्याआधीची ती मार्क वन), आणि १९७१ पासून पुढची सगळी १८व्ही. पट्टी गायब असेल तर इंजिनाच्या मागच्या भागात आरपीएम मीटरच्या केबलची जागा शोधा. ती सापडली तर इंजिन तीन बेअरिंगचं. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे ती उघडलेल्या मिस्त्रीला हा ब्लॉक परका वाटत नाही. पानेही इंचातलेच लागतात, अंदाजाने लावू नका: १/४ च्या बोल्टला ७/१६, ५/१६ ला १/२ आणि ३/८ ला ९/१६. आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आहेत. मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो, मग आटा खातो.

आता पुढची प्लेट. इंजिनाचे पुढचे दोन्ही रबरी माउंट याच प्लेटच्या आधाराने बसतात. सप्टेंबर १९७४ पर्यंतच्या क्रोम बंपरच्या गाड्यांत एक घडण आहे. त्यानंतर काळे रबरी बंपर आले, गाडी इंच-दीड इंच उचलली गेली, आणि त्याबरोबर चासीवरचे माउंटिंगचे ब्रॅकेट आणि ही प्लेट दोन्ही बदलली. रबरी बंपरच्या गाडीतलं १८व्ही क्रोम बंपरच्या गाडीत घालायचं तर जुन्या इंजिनाची पुढची प्लेट काढून नव्यावर चढवावी लागते. ब्रॅकेट वाकवून किंवा वेल्डिंग करून जुळवू नका. इंजिन तिरकं बसतं आणि पंखा रेडिएटरला चाटतो.

प्लेट बदलायची म्हणजे टायमिंग उघडायचं, हे काम इंजिन स्टँडवर असतानाच उरकावं. क्रँक पुलीचा नट १ ५/१६ इंची, त्याचं लॉक वॉशर आधी सरळ करा. कव्हर निघालं की टेन्शनर आत दाबून अडवून ठेवा, नाहीतर चेन सुटताच त्याची स्प्रिंग आणि प्लंजर बाकाखाली शोधावे लागतात. पहिला आणि चौथा पिस्टन वर आणून दोन्ही स्प्रॉकेटांवरचे टिंब समोरासमोर आहेत याची खात्री करून मगच चेन काढा. प्लेटमागचं गॅस्केट नवंच लावा, जुनं कधीच धड निघत नाही. क्रँकवरची तेल उडवणारी चकती आणि टायमिंग कव्हर ही जोडी आहे: एका सालची चकती दुसऱ्या सालच्या कव्हरला लावली तर ती घासते किंवा सीलमधून तेल गळतं. जी जोडी निघाली तीच बसवा. कव्हरचे बोल्ट ढिले ठेवून पुली आत सरकवा, सील तिच्याभोवती मध्यावर येऊ द्या, मग कव्हर आवळा. पुलीचा नट ७० फूट-पौंड.

मागच्या टोकाला घोटाळा गिअरबॉक्सचा आणि सेल्फचा. मार्क टूपासून चारही गिअरना सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा अशी रचना) आला, गिअरबॉक्स जाडजूड झाला आणि त्यासाठी गाडीच्या तळातला मधला बोगदा रुंद करावा लागला. त्यामुळे मार्क वनच्या शेलमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीत, नवा गिअरबॉक्स पत्रा कापल्याशिवाय जात नाही. तिथे जुनाच ठेवायचा आणि नव्या इंजिनाला जुन्या इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील आणि सेल्फ असे तिन्ही लावायचे. तीनपैकी दोन लावून भागत नाही: मार्क टूच्या सेल्फची घडण वेगळी, फ्लायव्हीलच्या रिंगचे दातही वेगळे. मात्र ही अदलाबदल पाच बेअरिंगच्या दोन इंजिनांतच करा. तीन बेअरिंगच्या गाडीत पाच बेअरिंगचं इंजिन जात असेल तर फ्लायव्हीलची बैठक आणि क्रँकच्या टोकातला स्पिगॉट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक ज्यात फिरतं तो) जुळतोय असं गृहीत धरू नका. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक व्हर्निअरने मोजा आणि त्या मापाचा बुश लावा. फ्लायव्हीलचे बोल्ट ४० फूट-पौंड. इथवर आलात तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलाच. ते छर्ऱ्यांचं नाही, कार्बनच्या कड्याचं आहे. झिजून कपापर्यंत आलं की प्रेशर प्लेट खातं.

रेडिएटरकडे वळा. १९७६ च्या शरद ऋतूपासून रेडिएटर पुढे सरकला आणि पंखा इलेक्ट्रिक झाला, म्हणजे त्या इंजिनाच्या वॉटर पंपावर पंखाच नसतो. असं इंजिन जुन्या शेलमध्ये घालताना जुन्या इंजिनाचा पंप, पुली आणि पंखा असा पूर्ण संच उचलावा. मग क्रँक, पंप आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर यांच्या पुल्यांवर सरळ पट्टी धरून पट्टा एका रेषेत चालतोय का ते पाहा.

विजेचं काम छोटं, पण पैसे जाळणारं. मार्क वन गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला आहे. त्यात अल्टरनेटरवालं इंजिन घालून तशीच जोडणी केली तर डायोड क्षणात जातात. पोलॅरिटी उलटवायची तर इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटरची आतली जोडणीही बदलावी लागते. रबरी बंपरच्या गाड्यांची कॉइल बॅलास्टसह (व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टन्ससह) चालणारी, ६ व्होल्टची. ती इंजिनाबरोबर आली आणि जुन्या वायरिंगवर सरळ १२ व्होल्टला जोडली की तापून मरते. कॉइल शेलची ठेवा, इंजिनाची नको.

शेल मोजायला टेप आणि दोन माणसं पुरतात. एका बाजूच्या माउंटिंग ब्रॅकेटच्या भोकापासून विरुद्ध बाजूच्या पुढच्या क्रॉसमेंबरच्या बोल्टपर्यंत तिरकं माप घ्या, मग उलट बाजूचं. ४-५ मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे, आणि ते दुखणं इंजिन बसवून झाकत नाही.

एमजीबीच्याच भावंडांची, म्हणजे एमजीसीचं २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि जीटी व्ही८ चं ३५२८ सीसीचं रोव्हर इंजिन यांची गोष्टच निराळी. एमजीसीचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं, क्रॉसमेंबर वेगळा. तिथे हात घालू नका. व्ही८ घालायचाच असेल तर रबरी बंपरचं शेल निवडा, त्याचा इंजिन कप्पा व्ही८ शी मिळताजुळता घडवलेला आहे.

उचलण्याच्या दिवशी हाताशी असावं: १ टनाची क्रेन, तिरकेपणा बदलणारा लेव्हलर, दोन नवे माउंट, क्लच मध्यावर धरणारा डमी शाफ्ट, सव्वाचार लिटर २०डब्ल्यू-५० तेल, नवा फिल्टर. बोनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढून मगच ते काढा. गिअरबॉक्स गाडीतच असेल तर त्याखाली जॅक लावा आणि इंजिन कधीही शाफ्टच्या नाकावर टेकू देऊ नका, क्लच प्लेटची मधली चकती वाकते. माउंटचे बोल्ट सगळे जागेवर आल्याशिवाय एकही आवळू नका. प्लग काढून सेल्फवर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलला की मग प्लग लावा.

आणि सेल्फला हात लावण्याआधी इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची वेणी लावलीय का ते पाहा. इंजिन रबरावर बसलंय. वेणी नसेल तर सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून जातो, आणि ती केबल डोळ्यांदेखत लाल होते.