आयडलला गाडी थरथरते? प्लग बदलण्याआधी काटा बघा

गरम झालेलं पेट्रोल इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि रेसवर पाय नसताना, साधारण 650 ते 850 आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) स्थिर राहतं. आरपीएमचा काटा स्थिर असूनही स्टिअरिंग आणि सीट हादरत असतील, तर दोष बहुधा इंजिन माउंटिंगच्या (इंजिन ज्यावर टेकवलेलं असतं त्या आधारांच्या) फाटलेल्या किंवा बसलेल्या रबरात असतो. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून ‘डी’मध्ये थरथरते आणि न्यूट्रलला शांत होते, ही त्याची खूण.

काटाच नाचत असेल, तर एक सिलिंडर चुकतोय की सगळेच, हे ठरवा. ठरावीक लयीत झटके बसले तर एकाच सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी 0301 म्हणजे पहिला सिलिंडर, 0302 म्हणजे दुसरा. इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) शेजारच्या सिलिंडरवर लावा, कोड पुसा, पुन्हा चालवा. कोड कॉइलसोबत सरकला तर कॉइल गेली. नाहीतर हाच प्रयोग प्लगवर, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) बहुतेक गाड्यांत 0.7 ते 1.1 मिमी असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) पेटतं आणि त्यालाच जाळतं.

थरथर अनियमित असेल आणि रेस दिल्यावर नाहीशी होत असेल, तर व्हॅक्युम लीक, म्हणजे इंजिनात चोरवाटेने हवा शिरणारी गळती, शोधा. आयडलला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा रोखणारी झडप) जवळपास बंद असतो, मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतली) ओढ सर्वात जास्त असते. त्यामुळे चिरेतून शिरलेली, न मोजलेली हवा एकूण हवेचा मोठा वाटा ठरते. 2500 आरपीएमला तीच गळती नगण्य. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मात्रेत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करतो ती दुरुस्ती) आयडलला +10 टक्क्यांवर आणि 2500 ला शून्याजवळ दिसला, तर शंका उरत नाही. पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत ओढणारी झडप) आणि ब्रेक बूस्टरचे (ब्रेकला जोर देणारा भाग) होस एकेक करून चिमटा. आयडल सुधारला की गळती तिथेच. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून लीक शोधायची पद्धत सर्रास चालते, पण आग लागू शकते. नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायची स्मोक टेस्ट बरी.

लीक नसेल तर थ्रॉटल बॉडीतली काजळी बघा. क्लीनर कापडावर घेऊन पुसा. इग्निशन चालू असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी (झडपेची चकती) बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर आयडल काही काळ चढा राहू शकतो, कारण ईसीयू अजून काजळीच्या हिशोबानेच पाकळी उघडतो. अशा वेळी मॅन्युअलप्रमाणे आयडल रीलर्न करून, म्हणजे ईसीयूला नवी स्थिती शिकवून, घ्या.