थंडीतली करडं: दूध तोडण्याआधी कोटीपोट तयार करा

जूनच्या पहिल्या पावसावर माजावर आलेल्या शेळ्या पाच महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे व्यातात. उस्मानाबादी असेल तर जुळं नेहमीचंच. ही करडं आता तीन-चार आठवड्यांची झाली असतील. आईला लुचतात, गोठ्यात उड्या मारतात, बघून मन भरतं. मग संक्रांतीनंतर दूध तोडलं की हीच करडं खंगतात, पोट सुटतं, केस उभे राहतात. "दूध तर पोटभर पाजलं होतं, मग असं का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. कारण पोटातच आहे, आणि त्यावर काम करायचे दिवस आत्ताचे आहेत.

ज्यांनी घरी वजडी साफ केली आहे त्यांना ती टॉवेलसारखी खरखरीत बाजू ठाऊक आहे. तेच शेळीचं कोटीपोट, पोटाच्या चार कप्प्यांतला पहिला. त्यावरचे हजारो बारीक उंचवटे म्हणजे अन्नरस शोषून घेणारी तोंडं. जन्मलेल्या करडात ही बाजू जवळजवळ गुळगुळीत असते आणि कोटीपोट एवढंसं असतं. चार कप्प्यांत मोठा असतो तो शेवटचा, दूध पचवणारा. करडू मान ताणून लुचतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हाळी मिटते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट त्या शेवटच्या कप्प्यात जातं. म्हणजे दुधानं करडू वाढतं, कोटीपोट वाढत नाही.

कोटीपोट वाढवतात ते सूक्ष्मजीव. मोठ्या शेळीच्या कोटीपोटातल्या एका मिलिलिटर रसात १,००० कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय आदिजीव, म्हणजे एकपेशीय जीव, आणि बुरशी. पाला, भुसकट, साल यांतला जो चोथा माणसाला पचत नाही, तो हे जीव आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर शेळी जगते. त्याच आम्लांच्या, विशेषतः ब्युटिरिक आम्लाच्या, स्पर्शानं करडाच्या कोटीपोटावर ते उंचवटे उगवतात. पाला नाही तर आम्ल नाही, आम्ल नाही तर उंचवटे नाहीत. पहिले तीन आठवडे करडू निव्वळ दुधावरचं जनावर असतं, तीन ते आठ आठवडे हा संक्रमणाचा काळ, आणि त्यानंतर ते खऱ्या अर्थानं रवंथ करणारं होतं. मधल्या पाच आठवड्यांत आपण काय खायला घालतो यावर बरंच काही ठरतं.

हे जीव येतात कुठून? आईच्या सडावरून, कातडीवरून, चाटण्यातून, तिच्या गव्हाणीतल्या उष्ट्या पाल्यातून. चोथा पचवणारे जिवाणू पहिल्या आठवड्यातच हजर होतात. आदिजीव मात्र मोठ्या जनावराच्या लाळेतूनच येतात, त्यांना दुसरी वाट नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. पहिल्या वर्षी थंडी लागू नये म्हणून करडं तिसऱ्या दिवसापासून बंद खोलीत ठेवली, बाटलीनं दूध, खाली रोज स्वच्छ पोतं, पाल्याचा मागमूस नाही. अडीच महिन्यांनी दूध कमी केलं तसं त्यातलं एक पाट, म्हणजे मादी करडू, फुगून मेलं. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं. आतली कातडी फुग्यासारखी गुळगुळीत होती आणि त्यात नासक्या दुधाच्या गुठळ्या होत्या. थंडीपासून जपायचंच, रात्री पोत्याचे पडदे सोडायचे, खाली कोरडं भुसकट अंथरायचं. पण दिवसा करडं आयांमध्येच असू द्या. जनावर आजारी असेल तेवढंच वेगळं काढा.

चीक जन्मल्यापासून तासाभरात पाजा आणि पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या भागाइतका पोटात जाऊ द्या. अडीच किलोच्या करडाला पाव लिटर. चोवीस तासांनंतर रोगप्रतिकारक घटक आतड्यातून रक्तात शिरणं बंद होतं.

दूध बाटलीनं पाजायची वेळ आली तर बाटली सडाच्या उंचीवर धरा, बुचाचं भोक बारीक ठेवा. वाटीनं किंवा पाठीवर पाडून ओतलेलं दूध पन्हाळी न मिटल्यानं कोटीपोटात सांडतं आणि तिथं आंबतं. दुसरी गोष्ट पाण्याची. "दूध पितंय, पाणी कशाला?" असं म्हणू नका. भांड्यातलं पाणी कोटीपोटात जातं आणि सूक्ष्मजीवांना तेच लागतं. थंडीत सकाळी कोमट पाणी ठेवा, करडं जास्त पितात.

दोन आठवडे झाले की पाल्याची पेंढी दोरीनं करडाच्या नाकाच्या उंचीवर टांगा. तूर, शेवरी, बोर, बाभूळ, जे हाताशी असेल ते. जमिनीवर टाकलेला पाला तुडवला जातो, टांगलेला करडं खेळता खेळता ओढून खातात. सोबत कोपऱ्यात असं कुंपण करा की करडू शिरेल पण आई अडकेल, आणि आत खुराक ठेवा. माझं दहा किलोचं मिश्रण: मक्याचा भरडा ५ किलो, शेंगदाणा पेंड ३ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. भरडा जाडसर ठेवा, पीठ नको. पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती फेकून द्या. सरकी पेंड आणि युरिया लावलेला चारा या वयाला बिलकूल नको. ते पचवणारं पोट अजून तयार नाही. सुरुवात चिमटीनं करा, उरलेला खुराक संध्याकाळी काढा.

पोट जागं झालं की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दुपारी करडू बसलेलं असताना बघा, जबडा आडवा फिरतो का. डाव्या कुशीला, शेवटच्या बरगडीमागे कान लावा. लांबून गाडी जावी तशी गुरगुर ऐकू येते. मला अजूनही हा आवाज ऐकला की बरं वाटतं.

सुबाभळीचं एक सांगायलाच हवं. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. एकट्या सुबाभळीवर जनावराचे केस गळतात, गळ्याची गाठ वाढते. ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास व्हायचा, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना व्हायचा नाही. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात दाखवलं की फरक शेळीत नाही, तिच्या कोटीपोटातल्या जिवाणूत आहे. तिथल्या शेळ्यांचा कोटीपोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिला आणि त्यांना सुबाभूळ मानवली. १९९२ मध्ये त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. आपण एवढंच करायचं: सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या भागापुढे नेऊ नका, आणि करडांना ती खाणाऱ्या मोठ्या शेळ्यांसोबतच चाखवा.

चारा बदलताना सात ते दहा दिवस घ्या. आता सोयाबीनचं भुसकट चालू असेल, जानेवारीत तुरीचं येईल, पुढे हरभऱ्याचं. आठवडाभर जुना-नवा मिसळून द्या. खळ्यावर ज्वारी-मक्याच्या राशी लागतील तेव्हा करडं बांधून ठेवा. पोटभर दाणा खाल्ला की कोटीपोटातलं आम्ल इतकं वाढतं की चोथा पचवणारे जिवाणूच मरतात.

हगवण लागली की लगेच घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी कोंबू नका. ती चांगल्या जिवाणूंनाही मारते. मीठ-साखरेचं पाणी सुरू करा आणि लेंडीचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. महिना ते चार महिन्यांच्या करडात, ओल्या जमिनीवर, रक्ताळ हगवण बहुधा कॉक्सिडिया नावाच्या परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण असते आणि तिचं औषध वेगळं आहे. औषधांनंतर चारा बंद झालेल्या करडाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं निरोगी शेळीच्या रवंथाचा घास देता येतो. जुनी माणसं हे करायची आणि ते बरोबर होतं.

दूध तोडताना तारखेपेक्षा करडाकडे बघा. साधारण तीन महिने, वजन नऊ-दहा किलो, आणि रोज दोन मुठी खुराक व पाला चवीनं खातं, तेव्हाच. एकदम तोडू नका. आठ-दहा दिवसांत एकेक वेळ कमी करा. आंत्रविषाराची लस याच सुमाराला, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. खाऊन-पिऊन गुबगुबीत झालेली करडंच या रोगानं आधी जातात, म्हणून खुराक वाढवायच्या आधी लस टोचून घ्या.