हत्तीचे फोटो काढायचे? आधी म्हशीवर हात बसवा

सांगली-साताऱ्यात रानहत्ती नाहीत. जवळात जवळ म्हणजे कोल्हापूरचा आजरा-चंदगड भाग आणि सिंधुदुर्गातलं दोडामार्ग. तिथं कर्नाटकातून आलेले मोजके हत्ती फिरतात, पण शेतातून, बहुतेक रात्री, आणि माणसांनी हुसकावून आधीच बिथरलेले. तिथं कॅमेरा घेऊन पायी जायचं नाही, विषय संपला. फोटोसाठी जायचं ते काबिनीला, म्हणजे नागरहोळे जंगलाच्या दक्षिण अंगाला. मिरजेहून रेल्वेनं म्हैसूर आणि पुढं गाडीनं साधारण दोन तास. मार्च ते मे या काळात काबिनी जलाशयाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या काठावर गवत उगवतं आणि हत्तींचे कळप उघड्यावर येतात.

खर्च करून गेल्यावर प्रत्यक्ष हाती येतात ते सफारीचे मोजके तास. कॅमेऱ्याशी झटापट त्यात करायची नसेल, तर ती आधी गावात उरकून घ्या. त्यासाठी म्हशीसारखं जनावर नाही.

काळी कातडी, ओली झाली की आणखी काळी, त्यात काळाच डोळा आणि पाठीवर पांढराशुभ्र बगळा. हत्तीच्या फोटोत जे जे बिघडतं ते सगळं इथं बिघडतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. म्हशीनं चौकट भरली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो फोटो उजळवतो. म्हैस राखाडी होते आणि बगळा नुसता पांढरा डाग. हत्तीच्या बाबतीत बगळ्याच्या जागी सुळे असतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ-गडद करायचं सेटिंग, −०.७ ते −१ करा. उलट म्हैस लांब आणि भोवती चकाकणारं पाणी असेल, तर मीटर पाण्याला घाबरतो आणि म्हैस कोळसा होते. तिथं +०.७. कृष्णेच्या घाटावर सकाळी आठच्या सुमारास दोन्ही प्रकार अर्ध्या तासात करून बघता येतात. फोटो काढला की हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघायचा. पडद्यावरचं चित्र उन्हात फसवतं.

अंतराचा अंदाजही इथंच येतो. म्हैस खांद्यापाशी साधारण १.३५ मीटर, मोठी हत्तीण २.३ मीटरच्या आसपास. म्हणजे १० मीटरवरची म्हैस चौकटीत जेवढी उंच दिसते, तेवढीच १७ मीटरवरची हत्तीण. लेन्स निवडताना हा हिशोब कामी येतो. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी लावून १५ मीटरवर रोखलं, तर चौकटीची रुंदी जेमतेम १.३५ मीटर भरते. त्यात फक्त चेहरा मावतो. तेवढ्याच अंतरावर १०० मिमीला ५.४ मीटर मिळतात, पण सोंडेपासून शेपटीपर्यंत अख्खा हत्ती त्यातही अवघडून बसतो. ७० मिमीला ७.७ मीटर मिळतात आणि भोवतीचं रान दिसायला लागतं. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर असेल तर रुंदीचे हे सगळे आकडे दीडनं भागा. म्हणूनच मोठी प्राइम (झूम न होणारी) लेन्स भाड्यानं आणणाऱ्यांची जीपमध्ये पंचाईत होते: हत्ती जवळ येतो आणि फोटोत नुसत्या सुरकुत्या येतात. १००-४०० किंवा ७०-३०० ची झूम बरी. जलाशयात बोटीतून मात्र ४०० मिमी पूर्ण वापरली जाते. नेण्याआधी प्रवेशशुल्क विचारून घ्या. कर्नाटकात कॅमेऱ्याचं शुल्क लेन्सच्या लांबीवर ठरतं.

आपल्याकडची पंढरपुरी म्हैस सापडली तर आणखी एक धडा होतो. तिची तलवारीसारखी लांब शिंगं खांद्यामागं जातात. समोरून फोटो काढताना नाकपुडी, डोळा आणि शिंगाचं टोक तिन्ही स्पष्ट येतात का ते बघा. २०० मिमी, १५ मीटर, एफ २.८ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) असताना स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ९० सेंटीमीटरचा असतो. समोरासमोर उभ्या हत्तीचा डोळा स्पष्ट ठेवला तर सुळ्याचं टोक आणि कान दोन्ही धूसर होतात. एफ ५.६ ला हा पट्टा १.९ मीटर होतो, एफ ८ ला २.७. उजेड असेल तर एफ ८ सोडू नका. महागड्या लेन्सचे पैसे वसूल करायला सगळे एफ २.८ वर अडून बसतात, हत्तीला त्याची गरज नसते.

फोकसला एकच पॉइंट ठेवा आणि तो डोळ्यावर न्या. प्राणी ओळखणारा ऑटोफोकस हत्तीच्या सोंडेवर किंवा चकाकत्या सुळ्यावर अडकतो, कारण डोळा बारीक आणि भुवईच्या सावलीत असतो. ऊन कलतं आणि बाजूनं पडलं तरच डोळ्यात चमक येते. शटर चालत्या हत्तीला १/५०० सेकंद, कान हलवताना किंवा अंगावर माती उडवताना १/१०००, बोटीत कायम १/१००० च्या वर. जीपचं इंजिन चालू असेल तर लेन्स दांडीवर टेकवू नका, सगळी थरथर फोटोत उतरते. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट हे सांगणारा आकडा) ऑटोवर सोडून ६४०० ची मर्यादा घाला.

ट्रायपॉड जीपमध्ये अडचणच करतो. त्याऐवजी लेन्स टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, आत दुसरी जाड पिशवी घाला आणि दीड-दोन किलो शाळू भरा. हळद सोडून काहीही चालेल. थर्माकोलचे मणी हलके, पण त्यांवर लेन्स घसरते. पिशवी रिकामी न्या, धान्य म्हैसुरात भरा, तेवढंच ओझं वाचतं.

धुळीचं वेगळं. मे महिन्यात हत्ती माती उडवत असताना लेन्स बदलली की सेन्सरवर ठिपके आलेच. बदलायचीच असेल तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, पंचाच्या आडोशाला. ठिपके तोंडानं फुंकायचे नाहीत, थुंकीचे कण बसतात. साडेनऊ-दहानंतर तापलेल्या काठावरून वाफा उठतात. ६०-७० मीटरपलीकडचा हत्ती मग कुठल्याही लेन्सनं तरंगताच येतो. ते सेटिंगचं चुकणं नव्हे, कॅमेरा खाली ठेवून बघत बसा.

म्हैस शिकवू शकत नाही ती गोष्ट म्हणजे हत्तीचा राग. कान वारा घालत असतील, सोंड गवत उपटत असेल, शेपूट सैल हलत असेल, तोवर सगळं ठीक. चरणं थांबलं, कान ताठ पसरले, डोकं वर झालं, पाय माती उकरायला लागला, की तुम्ही फार जवळ आहात. फोटोत सगळ्यांना आवडतो तो पसरलेल्या कानांचा हत्ती पुष्कळदा हाच, त्रासलेला. कान पसरून, आवाज करत धावून येणं बऱ्याचदा हूल असते. सोंड आत वळवून, कान मागं घेऊन आला तर हूल नाही. डोळा आणि कानाच्या मधून काळपट ओघळ आणि मागच्या पायांवर लघवीची धार दिसली तर तो माजावरचा नर. तिथं ड्रायव्हरला थांबायला सांगू नका. पिल्लू आणि आईच्या मधे, किंवा कळप आणि पाण्याच्या मधे गाडी कधीच नको. गाडीचं तोंड निघायच्या दिशेला असू द्या, रिव्हर्स घेत पळता येत नाही. एवढं अवाढव्य जनावर थोड्या अंतरात ताशी २०-२५ किलोमीटरनं येतं. इंजिन बंद की चालू, हे ड्रायव्हर ठरवेल.

याची रंगीत तालीम चांदोली किंवा कोयनेच्या जंगलात गव्यावर होते. तोही काळा, पायात पांढरे मोजे, म्हणजे एक्स्पोजरचा तोच पेच. गवा आडवा उभा राहून अंग फुगवून दाखवतो, फुरफुरतो, तेव्हा पोझ देत नसतो, धमकावत असतो. एकट्या नरापासून ५० मीटर राहा, आणि गाडीतच.

सफारीच्या आदल्या रात्री शटरचा आवाज, बीप, फ्लॅश आणि फोकसचा लाल दिवा, चारही बंद करून ठेवा. अनेक व्याघ्र प्रकल्पांत मोबाइल गेटवरच काढून घेतात, तेव्हा मोबाइलवर भिस्त नको. दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. परतताना पिशवीतलं धान्य जंगलात ओतू नका, जनावरं रस्त्यावर यायला शिकतात. मुक्कामाच्या स्वयंपाकघरात देऊन टाका.