दंगलीवर पीएचडी करायची आहे? आधी गिरणीत जा

हिंसा आणि त्यानंतरचा समेट यावर संशोधन करायचं, तर विषय परदेशातलाच घ्यावा लागतो का, असं धुळ्या-जळगावची एमएची मुलं विचारतात. मलाही तसंच वाटायचं. दक्षिण आफ्रिकेचा सत्य व समेट आयोग, रवांडातली २०१२ पर्यंत चाललेली गचाचा न्यायालयं (वंशसंहाराचे खटले चालवणारी गावपातळीवरची न्यायालयं), हे वाचून मी भारावले होते. ते वाचाच. पण मी शिकले खानदेशातल्याच एका गल्लीत.

पहिली मुलाखत फसली. एका आजींना मी थेट विचारलं, "दंगलीत तुमचं काय गेलं?" त्या उठून आत गेल्या. चहा आला, आजी आल्या नाहीत. मग दोन महिने वही न काढता जात राहिले, अहिराणीत बोलत राहिले. घरी आम्ही अहिराणीच बोलतो, पण विद्यापीठात गेल्यापासून मी ती चारचौघांत टाळायचे. ही माझी मोठी चूक होती.

एके दिवशी आजींनीच विषय काढला. दंगलीत समोरासमोर आलेल्या दोन्ही मोहल्ल्यांची गिरणी एकच. दंगल मिटली, शांतता कमिटीच्या बैठका झाल्या, तरी बायका दळण होईपर्यंत डब्यापाशी उभ्या राहायच्या. डबा ठेवून घरी जायला तीन वर्षं लागली. शांततेचे नॉर्वेजियन अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी केवळ हिंसा थांबणं आणि खरी शांतता यांत केलेला फरक मी परीक्षेत लिहिला होता. कळला तो त्या डब्यामुळे.

यूजीसीची नेट परीक्षा द्या, त्यासाठी एमएला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना सवलत आहे). राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, कुठूनही या विषयाकडे येता येतं. दप्तरखान्यात बसायची सवय मात्र हवी. १८२५ साली इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. त्या काळचे कागद 'बंदोबस्त' कसा झाला ते सांगतात; भिल्लांना काय वाटलं, ते त्यांत शोधूनही फारसं सापडत नाही. आजचे एफआयआर, दोषारोपपत्रंही तशाच सावधपणे वाचा.

खटला चालू असेल तर साक्षीदाराची मुलाखत घेऊ नका. तुमची वही त्याच्या जिवावर बेतू शकते. खरी नावं वहीत नकोतच. ऐकलेलं रात्री झोपू देत नाही, तेव्हा मार्गदर्शकांशी मोकळेपणानं बोला.

प्रबंध जमा करण्याआधी गिरणीचं प्रकरण मी आजींना वाचून दाखवलं. त्यांनी मधेच थांबवलं. तीन नाही, चार वर्षं. थोरल्या नातीच्या लग्नावरून त्यांनी हिशेब लावून दिला. मी आकडा बदलला.