नवीन वर्षाचं टाईमटेबल आखायच्या आधी हे करा

मी राज्यसेवेचा अभ्यास करतोय, दरवर्षी ३१ डिसेंबरला नवीन वही आणून टाईमटेबल आखायचो आणि संक्रांतीपर्यंत ते मोडलेलं असायचं. यावेळी आधी मागचं वर्ष बघितलं, खूप फरक पडला म्हणून सांगतोय.

पहिलं मोबाईल. सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा, कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते कागदावर लिहा, नुसतं बघू नका. मग यूट्यूबची हिस्ट्री खाली सरकवत जा आणि जे खरंच आठवतंय त्याची यादी करा. माझ्या यादीत घरच्यांसोबत बघितलेला एक पिक्चर आणि दोन वेबसिरीज एवढंच आलं, बाकी रात्री अंथरुणात बघितलेले शॉर्ट्स, त्यातलं एकही आठवेना. त्यामुळे करमणूक बंद नका करू हो, रविवारचा पिक्चर ठेवा, शॉर्ट्स कापा.

अभ्यासाला मात्र नीट वेळ द्या. किती तास बसलो ते सोडा, सोडवलेले टेस्ट पेपर काढा. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न २०० मार्कांना, चार चुकले की एका बरोबर उत्तराचे मार्क जातात, म्हणून प्रत्येक चुकीपुढे लिहा: वाचलंच नव्हतं, वाचून विसरलो, की घाई झाली. माझ्या भूगोलात निम्म्या चुका 'विसरलो'वाल्या निघाल्या, म्हणजे नवीन पुस्तक नको, रिव्हिजन पाहिजे. आता रोज सकाळी पहिला पाऊण तास कालचंच घेतो, पुस्तक मिटून कोऱ्या पानावर आठवेल तेवढं लिहितो, आणि जे राहिलं ते लाल पेनने.